बुचाची फरशी: कुठे घालावी, कुठे घालू नये

आजचा विषय पायाखालचा आहे: कॉर्कची फरशी. मी लखनौहून बोलतेय. इथे बरीच वर्षं घरांची आणि छोट्या ऑफिसांची आतली कामं करते. पण ऐकणारे तुम्ही पुण्याचे, ठाण्याचे, नागपूरचे असाल, म्हणून मध्येमध्ये इथल्या आणि तिथल्या हवेची तुलना करणार आहे. ही फरशी चांगली की वाईट, असं एका दमात विचारलं तर उत्तर हमखास चुकतं. कोणती खोली, कितवा मजला आणि त्या फरशीवर कोण किती वेळ असणार, हे आधी विचारायचं.

कॉर्क म्हणजे आपलं बूच. बाटलीचं बूच. मराठीत हा शब्द एका झाडालाही चिकटलाय. पुण्यात पावसाळा सरता सरता ज्याची पांढरी, लांब देठांची फुलं रस्त्यावर पडतात आणि मुली ज्यांची बिनदोऱ्याची वेणी विणतात, ते बुचाचं झाड. इथे लखनौत त्याला आकाशनीम किंवा नीमचमेली म्हणतात. त्याची साल मऊ आणि भेगाळ असते, आणि खऱ्या कॉर्कला पर्याय म्हणून ती वापरली जायची, हलक्या दर्जाची बुचं करायला. त्यावरून हे नाव. फरशी मात्र या झाडाची होत नाही. ती होते भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या एका ओक वृक्षाच्या सालीपासून, आणि जगातलं निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं.

या झाडाची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण 'झाड तोडून केलेली फरशी आम्हाला नको' असं म्हणणारी मंडळी मला दर महिन्याला भेटतात. हे झाड तोडत नाहीत. साधारण 25 वर्षांचं झालं की उन्हाळ्यात कुऱ्हाडीने त्याची साल बेताने सोलून काढतात. आतला जिवंत थर दुखावला जाणार नाही इतक्या बेताने, आणि ते कसब हाताचंच आहे. मग खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात, त्या वर्षाचा शेवटचा आकडा. त्यानंतर नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत असते, बाटलीच्या बुचाला ती चालत नाही. तिसऱ्या वेळी, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर, चांगली बुचं मिळू लागतात. ती कापून घेतल्यावर उरलेल्या सालीचा चुरा आणि ती आधीची खडबडीत साल हा फरशीचा कच्चा माल. चुऱ्यात चिकटद्रव्य घालून, दाबून, तापवून त्याच्या लाद्या करतात. थोडक्यात, एका धंद्याच्या उरल्यासुरल्या मालातून हा दुसरा धंदा उभा आहे. फक्त तो माल जहाजाने आपल्यापर्यंत येतो, म्हणून किंमत चढते. साध्या व्हिट्रिफाइड टाइलच्या कितीतरी पट.

आता एवढे पैसे टाकून मिळतं काय? रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज संशोधकाने 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचा पातळ काप ठेवला. त्याला त्यात ओळीने लहान लहान कोठड्या दिसल्या. 'सेल' हा शब्द जीवशास्त्रात तिथून आला. म्हणजे शाळेत आपण जी पेशी शिकलो, तिचं नामकरण बुचावर झालंय. एका घन सेंटिमीटरमध्ये अशा 4 कोटींच्या आसपास कोठड्या असतात, आणि प्रत्येकीत हवा कोंडलेली. लखनौकरांना मी हे भुलभुलैयाच्या भाषेत सांगते. इथला बडा इमामबाडा 1784 मध्ये नवाब आसफउद्दौलाने बांधायला घेतला. त्याच्या सुमारे 50 मीटर लांबीच्या दालनाला तुळई नाही, मधे खांब नाही. वर जो भुलभुलैया आहे, तो म्हणजे भिंतींच्या आणि छताच्या पोटात ठेवलेल्या पोकळ वाटा. भरीव बांधकाम केलं असतं तर वजन किती झालं असतं, विचार करा. बुचाचंही तसंच. फरक एवढाच की बुचातल्या कोठड्यांना दरवाजे नाहीत, त्यामुळे आतली हवा आतच राहते.

या कोंडलेल्या हवेचा पहिला परिणाम थंडीत कळतो. लखनौच्या जानेवारीत धुकं कधीकधी आठवडाभर उठत नाही. सूर्य दिसत नाही, आणि घरात रूम हीटर एकाच खोलीत. अशा वेळी समजा फरशीचं तापमान 12 अंश आहे आणि तुमच्या तळव्याचं 30. संगमरवरावर पाय ठेवलात तर जिथे पाय आणि दगड भिडतात तिथलं तापमान त्या क्षणी 18च्या जवळ येतं. बुचावर ठेवलात तर 27च्या जवळ. हा मी कागदावर मांडलेला ठोकळ हिशोब आहे, पॉलिशच्या थराने एखाद-दोन अंशांचा फरक पडेल. पण लक्षात घ्या, दोन्ही फरश्या 12 अंशांवरच आहेत. बूच गरम नसतं. दगड तुमच्या पायातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, बूच ती ओढत नाही, एवढंच. दुकानदार 'ही फरशी खोली गरम ठेवते' असं म्हणाला तर ते खरं मानू नका. चार मिलिमीटरच्या लादीने खोली गरम होत नसते. पाय गार पडत नाहीत, आणि वयस्कर माणसाला पहाटे उठून न्हाणीघरापर्यंत जायचं असतं तेव्हा तेवढं पुष्कळ असतं.

आता याची उलटी बाजू. मे महिन्यात हेच शहर 45 अंशांना टेकतं. तेव्हा तळमजल्यावरच्या जुन्या संगमरवरावर किंवा मोझॅकवर उघड्या पाठीने पडणं हे सुख असतं, आणि ते सुख बूच देत नाही. ज्या कारणाने ते थंडीत बरं वाटतं, त्याच कारणाने उन्हाळ्यात गारवा देत नाही. म्हणून तळमजल्याची, उन्हाळ्यात दुपारी लोळायची खोली असेल तर मी दगडाला हात लावू देत नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या लोकांनी तर ऊब हा मुद्दा यादीतून खोडूनच टाकावा. तुमच्याकडे पाय गारठतात कधी? तुमच्यासाठी या फरशीचा उपयोग वेगळा आहे, आणि तो म्हणजे आवाज.

आवाजाबद्दल फार गोंधळ आहे. इमारतीतला आवाज दोन प्रकारचा. एक हवेतून येणारा: टीव्ही, भांडण, रियाज. दुसरा ठोक्याचा: टाच, खुर्ची सरकवणं, पोरांनी टाकलेला चेंडू, सकाळी सहा वाजता खलबत्ता. ठोक्याचा आवाज स्लॅबच्या अंगातून प्रवास करतो आणि खालच्या घराच्या छतातून बाहेर पडतो. बूच या दुसऱ्या आवाजावर काम करतं, कारण ठोका स्लॅबला बसायच्या आतच ते तो गिळतं. पहिल्या प्रकारावर त्याचा फारसा उपयोग नाही. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांनी 1910 मध्ये पॅरिसमधल्या आपल्या झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाचे तक्ते लावून घेतले होते, शांतता मिळावी म्हणून. त्यांचं उदाहरण देऊन भिंतींना कॉर्क लावून मागणारे लोक मला भेटलेत. खोलीतला घुमारा त्याने कमी होतो. शेजारच्या लग्नाचा डीजे थांबत नाही.

आणि इथे लखनौचा खास प्रश्न येतो. विष्णू नारायण भातखंडे हे आपले मुंबईचे, वाळकेश्वरचे. 1926 मध्ये त्यांच्या पुढाकाराने या शहरात मॅरिस कॉलेज सुरू झालं, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिचे प्राचार्य झाले, आणि आज त्याच संस्थेचं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झालंय. कथक तर इथल्या घराघरात. आता शंभर घुंगरं बांधलेले पाय चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तत्कार करू लागले की खालच्या घरातल्या माणसाचं काय होत असेल? आणि नाचणाऱ्या मुलीच्या नडगीचं, गुडघ्याचं? स्लॅबवर चिकटवलेली टाइल काहीच सोसत नाही, सगळं पायाला सोसावं लागतं.

तर मग बुचाची फरशी घाला, असं म्हणावंसं वाटेल. पण नाही. कथकमध्ये पायाचा आवाज हेच तर सांगणं असतं. बुचावर तत्कार केला तर तो तोंडात रुमाल कोंबून गाण्यासारखा होईल. इथे बूच वर नको, खाली हवं. स्लॅबवर जाड बुचाचा थर, त्यावर लाकडी फळ्या किंवा जाड प्लायवूड, आणि भिंतीपासून चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी. वरचं लाकूड स्लॅबला आणि भिंतीला कुठेही टेकत नाही, बुचावर तरंगतं. आवाज खोलीत खणखणीत, खालच्या घरात बराच कमी, आणि पाय आपटला की लाकूड किंचित दबतं. त्या मोकळ्या जागेत सुतार हमखास पाचर मारतो किंवा सिमेंट भरतो, 'अच्छा नहीं दिखता' म्हणून. एका ठिकाणी जरी असं झालं तरी आवाज तिथून भिंतीत उतरतो आणि सगळा खर्च पाण्यात. काम चालू असताना तिथे उभं राहा.

कामाच्या जागांबद्दल आता. 'वर्कस्पेस' म्हटलं की जाहिरातीत काचेचं ऑफिस आणि लॅपटॉप दिसतो. तिथेही बूच चालतं. पण लखनौत सगळ्यात जास्त तास फरशीवर कोण काढतं? चिकनचं भरतकाम करणाऱ्या बाया आणि जरदोजीचे कारागीर. जरदोजीचा अड्डा म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, जमिनीपासून हातभर उंच, आणि त्याच्या चारी बाजूंनी मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसलेली माणसं. आठ आठ तास, खाली सतरंजी आणि तिच्याखाली कोबा. मी एका बुटीकचं काम पाहिलं. खाली गिऱ्हाईक वीस मिनिटं फिरणार, त्या दालनात आयात कॉर्क. वर कारागीर दिवसभर बसणार, त्या खोलीत उघडा कोबा. मालकांना विचारलं तर म्हणाले, वर कोण बघतं? हे मला अजिबात पटत नाही, आणि असं काम माझ्याकडे आलं की मी तसं तोंडावर सांगते. पैसे एकाच खोलीपुरते असतील तर ते वरच्या खोलीत घाला. तिथे पॉलिश केलेली देखणी लादी नको. टाइलखाली अंथरायचा बुचाचा रोल मिळतो, दोन ते सहा मिलिमीटर जाडीचा. तो साधा, बिनापॉलिशचा आणि फरशीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. बसण्याच्या जागेपुरते पट्टे कापायचे, वर नेहमीची सतरंजी. हिवाळ्यात कोब्याचा गारवा वर चढत नाही, घोट्याला आणि बैठकीला थोडा मऊपणा मिळतो. पट्टा खराब झाला तर तेवढाच बदलायचा. ज्या कामात दिवसभर उभं राहावं लागतं, म्हणजे इस्त्रीवाला, काउंटरवरचा माणूस, स्वयंपाकघरात ओट्यापाशी आपण सगळे, तिथेही हाच उपाय. सगळी खोली कशाला? माणूस उभा राहतो तेवढी जागा बघा.

वयस्करांच्या खोलीबद्दल मला सर्वांत जास्त विचारणा होते. बुचावर पाय घट्ट पडतो. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर दोन थेंब पाणी सांडलं की जी घसरण होते, ती इथे कमी असते. पडल्यावर लागत नाही का? लागतं. पातळ लादी म्हणजे गादी नव्हे, खाली स्लॅब आहेच. पण पडण्याची वेळच कमी येते, हा खरा फायदा. वॉकर किंवा काठी वापरणाऱ्यांसाठी मात्र लादीच्या कडेला उंबरा तयार होणार नाही हे बघा. शेजारच्या खोलीची टाइल आणि बूच यांत चार-पाच मिलिमीटरची पायरी राहिली तर फायदा राहिला बाजूला, तिथेच पाय अडखळेल.

'बाथरूममध्ये चालेल का?' हाही नेहमीचा प्रश्न. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाने धबधब्यावरच्या त्याच्या प्रसिद्ध घरात, फॉलिंगवॉटरमध्ये, 1930च्या दशकात बाथरूमच्या फरशीला आणि भिंतींनासुद्धा बूच लावलं. ते खरं आहे. पण त्या घरात कोणी बादली-तांब्या घेऊन आंघोळ करत नव्हतं. बुचाच्या अंगात पाणी सहजी शिरत नाही. ते शिरतं सांध्यांतून, आणि खालच्या चिकटद्रव्याला सोडवतं. आपल्या न्हाणीघरात, धुण्याच्या जागी, बाल्कनीत बूच नको. देवघरातही विचार करा. समईचं तेल पॉलिशवरून पुसता येतं, पण उदबत्तीचा निखारा पडला तर काळा डाग राहतोच. इथे थंडीत खोलीत अंगीठी आणण्याची पद्धत आहे, त्या घरांना मी सरळ नाही म्हणते. अर्थात बंद खोलीत अंगीठी पेटवणं मुळातच जिवावर बेतणारं आहे, फरशी कुठलीही असो.

बाजारात दोन जाती मिळतात. एक, सबंध बुचाची लादी, चार ते सहा मिलिमीटर, ग्लूने चिकटवायची. दुसरी, एकमेकींत अडकवायच्या लांब पट्ट्या, साधारण दहा मिलिमीटर. यांच्या पोटात दाबलेल्या लाकडी भुश्याचा बोर्ड असतो, वर-खाली बुचाचा पातळ थर. ही बसवायला सोपी आणि दुकानात जास्त दिसते. पण तो बोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही. वाळवीलाही तो भुसा आवडतो. वाळवीचा प्रदेश असेल, किंवा घरात फरशी ओल्या फडक्याने रोज पुसायची सवय मोडणार नसेल, आणि ती मोडावी असं मी म्हणतही नाही, तर सबंध बुचाची लादीच घ्या. घेताना लादीची कड बघा, मधला थर वेगळ्या रंगाचा आहे का ते तिथे कळतं. वरून प्लास्टिकचा जाड थर लावलेला मालही येतो. तो टिकतो बरा, पण मग तुम्ही बुचाचे पैसे देऊन प्लास्टिकवर चालता. मला पॉलियुरेथेनचं पातळ पॉलिश बरं वाटतं, काही वर्षांनी ते पुन्हा मारता येतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: खालची जमीन. मी बिघडलेली बुचाची फरशी जिथे जिथे पाहिली, तिथे बहुतेक वेळा दोष बुचाचा नव्हता, खालच्या ओलीचा होता. गोमतीकाठच्या जुन्या वस्तीत तळमजल्याला ओल चढते, तिला इथे सीलन म्हणतात, भिंतींवर गुडघाभर उंच तिचे नकाशे उमटलेले असतात. अशा घरात आधी ओलीचा बंदोबस्त, फरशी नंतर. नवा कोबा असेल तर तो वरून कोरडा दिसला तरी पोटात कित्येक आठवडे ओला असतो. घरच्या घरी बघायचं असेल तर जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने कोब्यावर घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. खालून दव धरलं किंवा कोबा काळपट पडला तर काम पुढे ढकला. जुलै ते सप्टेंबर तर हे काम काढूच नका, इथेही नाही आणि पुण्यातही नाही. लाद्यांची खोकी दोन-तीन दिवस आधी आणून त्याच खोलीत उघडी ठेवायची, म्हणजे खोलीच्या हवेशी त्यांचं जमतं. कारागीर घाई करेल, मजुरी बुडते म्हणेल. त्या दोन दिवसांत त्याला दुसरं काम द्या, पण खोकी त्याच दिवशी चिकटवू देऊ नका.

सपाटीही तपासा. बूच मऊ आहे, खालचा प्रत्येक खड्डा-उंचवटा महिनाभरात वर दिसतो. जुनी मोझॅक घट्ट बसलेली असेल तर ती उखडू नका, सांधे भरून तिच्यावरच लादी बसवता येते. उखडण्याचा खर्च आणि धूळ दोन्ही वाचतात.

वापराबद्दल थोडं. लोखंडी कपाटाच्या चार पायांखाली रुंद लाकडी चकत्या घाला, नाहीतर खड्डे पडतात. खुर्ची, पलंग यांना फेल्ट लावा. रबराच्या पाठीची पायपुसणी नको, तिच्याखाली डाग धरतो. फडकं पिळून पुसा, बादलीभर पाणी ओतू नका, ॲसिड तर लांबच ठेवा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पडत असेल तर तिथलं बूच फिकं होतं. पडदा लावा, किंवा पहिल्या वर्षी गालिचा वरचेवर सरकवत राहा, म्हणजे खाली त्याचा चौकोन उमटणार नाही.

आणि मागणी देताना एक खोका जास्त घ्या. बूच हा सालीचा माल, दर खेपेला रंगात फरक येतो, दोन वर्षांनी तोच रंग मिळेलच असं नाही. पण उरलेल्या लाद्या कपाटाच्या अंधारात ठेवल्या तर त्या गडद राहतात आणि खोलीतल्या फिकट होत जातात. म्हणून दोन-चार लाद्या त्याच खोलीत उजेडात राहतील अशा ठेवा, पलंगाच्या बाजूच्या टेबलावर किंवा पुस्तकांच्या फळीवर. बदलायची वेळ आली तर रंग बराच जुळतो.